आयर्विनला किती?

आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतनं एक कागद चिकटवलाय, लॅमिनेशन केलेला, कडेला हळदीचे डाग पडलेला. त्यावर नुसते आकडे आणि पुढं एकेक दोन-दोन शब्द. ३५ टाकी. ३८ कागदं, फोटो. ४० धान्य, गाद्या. ४२ गाड्या. ४३ आत्या. नणंदेच्या पुण्याच्या जाऊबाई आल्या होत्या त्यांनी विचारलं, वहिनी ह्या तारखा आहेत का काय, आणि ४३ आत्या म्हणजे? वय का? आत्यांचं वय ७७ आहे. (आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्यात सासूला आत्याच म्हणतात.) सांगलीच्या माणसाला मात्र काय सांगावं लागत नाही, ते नुसतं बघतं आणि म्हणतं, आयर्विनचे फूट व्हय?

आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा आमचा जुना पूल, १९२९ चा, नदी किती फूट चढली ते तिथं बघतात. जुलै-ऑगस्टमधे सांगलीत कुणी कुणाला फोन केला तर जेवलीस का विचारायच्या आधी "आयर्विनला किती?" हे विचारतात. ४० फुटाला इशारा पातळी आणि ४५ ला धोका पातळी, हे सरकारी आकडे झाले. पण प्रत्येक घराचा आपला आपला आकडा असतो. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड इकडच्यांची धावपळ चाळिशीतच सुरू होते आणि विश्रामबागेतल्या माणसाला ५७ ला पण घरात बसून चहा पीत बातम्या बघता येतात. आमचं घर गावभागाच्या खालच्या अंगाला, आमच्या पहिल्या पायरीला पाणी लागतं ते ४९ ला आणि घरात फरशीवर येतं ते साडेपन्नासला. हे एवढं एक वाक्य कळायला आम्हाला दोन पूर, दोन फ्रिज आणि अख्खं फर्निचर घालवावं लागलं.

त्याच्या आधी आमची तयारी नव्हती असं नाही, उलट आम्हाला वाटायचं आपल्याएवढी तयारी कुणाचीच नाही. २००५ ला पाणी आलं तेव्हा आयर्विनला ५३ च्या वर गेलेलं आणि आमच्या घरात कमरेच्या वर. पाणी उतरल्यावर मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर खिळ्यानं एक रेघ ओढली आणि खाली तारीख टाकली. ती रेघ म्हणजे आमच्या घरचा कायदा. रंग दिला तरी रेघ बुजवायची नाही. मीटर रेघेच्या वर, लाईटचे बोर्ड रेघेच्या वर, कपाटातले दागिने-कागदं रेघेच्या वरच्या कप्प्यात. मामा गेले तरी रेघ राहिली. आणि गल्लीत सगळ्यांचंच असं, ज्याच्या त्याच्या भिंतीवर २००५, आणि सगळ्यांच्या डोक्यात पक्कं की ह्याच्यापुढं कृष्णामाई येत नाही.

२०१९ ला ५ ऑगस्टला सोमवार होता, नागपंचमी. टीव्हीवर दिवसभर ३७० कलम, सगळ्या चॅनेलवर तेच, आणि आमच्याकडं नदी चढत होती ती खालच्या पट्टीत पण दिसत नव्हती. ह्यांनी पाटबंधारेचे मेसेज बघून सांगितलं की कोयनेतनं सोडलंय आणि वारणेचा पण जोर आहे. वारणा सांगलीच्या खाली हरिपूरला कृष्णेला मिळते, ती भरून आली की आमचं पाणी पुढं सरकतच नाही, फुगवटा येतो. संध्याकाळी आम्ही सामान उचलायला घेतलं. रेघ साडेतीन फुटावर, म्हणून आम्ही शहाणपणानं अजून एक फूट धरला. दिवाणावर टेबल, टेबलावर गाद्या, गाद्यांवर टीव्ही, धान्याचे डबे कट्ट्यावर, फ्रिजला चार-चार विटा. आत्या म्हटल्या एवढं कशाला, पाच साली पण इथंच बसलो होतो गच्चीवर. गच्चीत एक पत्र्याची खोली आहे, तिथं आम्ही स्टोव्ह, तांदूळ, दोन कळश्या पाणी आणि आत्यांच्या गोळ्या नेल्या, इन्सुलिन खाली फ्रिजमधेच राहिलं कारण लाईट होती.

६ ला सकाळी पायरीला लागलं. नदी समोरनं येत नाही हो, हे बाहेरच्यांना खरंच वाटत नाही. ती आधी मागनं नाल्यातनं येते, गटारीतनं येते, आणि सगळ्यात आधी संडासातनं येते. घराच्या पुढचा रस्ता कोरडा होता तेव्हा आमच्या न्हाणीतनं बुडबुड आवाज यायला लागलेला. मग लाईट गेली, मग मोबाईलला रेंज गेली, दुपारी रेघेपर्यंत, आणि रात्री आम्ही जिन्यात बॅटरी मारून बघितलं तर रेघ दिसतच नव्हती. ती पाण्याखाली. मला आठवतंय ह्यांनी दोन-तीनदा बॅटरी हलवून हलवून बघितलं, जसं काय रेघच जागची सरकलीय. खालनं धाड असा आवाज आला, तो फ्रिज. विटांवरनं उचलून आडवा होऊन तरंगत दाराला जाऊन बसला होता. तेव्हा कळलं की फ्रिज तरंगतो. भरलेला गॅस सिलेंडर पण तरंगतो, गल्लीतनं लाल सिलेंडर एकामागनं एक वाहत जाताना आम्ही गच्चीतनं बघितले.

८ तारखेला बोट आली. आत्यांना शिडीवरनं उतरवायचं होतं, त्यांचे गुडघे आधीच गेलेले, खाली गढूळ पाणी, बोटीतला जवान वर हात करून उभा आणि आत्या शिडीच्या पहिल्या पायरीवर बसून राहिलेल्या. दोन दिवस इन्सुलिन नाही. त्या एवढंच म्हणत होत्या की मला कशाला नेताय, तुम्ही जावा. त्याच दिवशी ब्रह्मनाळला बोट उलटली आणि माणसं गेली, ते आम्हाला मिरजेत माझ्या भावाकडं पोचल्यावर दोन दिवसांनी कळलं. त्यानंतर मी ठरवलं की बोटीची वेळ येऊ द्यायचीच नाही. बोट येईपर्यंत थांबणं हाच मुळात उशीर झाला.

आयर्विनला ५७ च्या वर जाऊन पाणी उतरलं. आमच्या घरात सात फूट, दाराची वरची चौकट तेवढी कोरडी. परत आलो तेव्हाचा वास मी सांगत बसत नाही, ज्यानं घेतलाय त्याला माहिती आहे. प्लायवूडच्या ट्रॉल्या पापडासारख्या फुगून फुटलेल्या, दिवाण उघडतच नव्हता, त्याला कुऱ्हाडीनं फोडला तर आत माझ्या पैठणीचा चिखलाचा गोळा. लग्नाचा अल्बम मिळाला. पानं एकमेकांना चिकटलेली, मी चाकूनं हळूहळू सोडवायला गेले तर फोटोचा रंग समोरच्या पानाला लागून निघाला, साड्या, मांडव, हार सगळं राहिलं आणि तोंडंच तेवढी पुसली गेली. त्यातला एक फोटो अजून ठेवलाय, मामांचा, नुसता फेटा दिसतो.

पंचनामा झाला, शहरातल्या कुटुंबाला १५ हजार, त्यातले ५ रोख आणि बाकीचे खात्यावर. मिळाले, नाही म्हणत नाही. त्यातनं गाद्या आल्या.

खरी तयारी सुरू झाली ती २०२० च्या लॉकडाऊनमधे. सगळे घरी, काम नाही, एका दुपारी आम्ही चौघं जमिनीवर बसलो आणि वहीत लिहायला घेतलं. पहिली यादी केली ती आधी इंटरनेटवरनं. त्यात शिट्टी होती, बिस्किटं होती, आरसा होता, तीन दिवसांचं पाणी होतं, सगळी एका बॅगेत. बॅग भरून दाराला लावली. पोरगा तेव्हा नववीत, तो म्हणाला पप्पा आपल्याला शिट्टी कमी पडलेली का? बरोबर होतं त्याचं. आम्हाला बॅग कमी पडली नव्हती. आम्हाला दोन गोष्टी कमी पडल्या होत्या, कधी हलायचं ते माहीत नव्हतं, आणि आधी काय उचलायचं ते ठरलेलं नव्हतं. ५ तारखेच्या संध्याकाळी मी डाळीचे डबे उचलत होते आणि हे टीव्ही उचलत होते आणि कागदांची पेटी कुणीच उचलली नव्हती, ती आठवली तेव्हा पोटरीएवढं पाणी होतं.

मग आम्ही शिट्टीची यादी फाडली आणि फुटाची यादी केली. भूकंपाला आधी कळत नाही, आगीला कळत नाही, पण कृष्णेचं बरं आहे, ती सांगून येते. कोयनेचे दरवाजे उघडले की बातमी येते, मग कऱ्हाड, मग भिलवडी, आणि मग आम्ही. म्हणजे वेळ मिळतो, फक्त तो वेळ गच्चीतनं बघण्यात आणि अलमट्टीवर भांडण्यात जातो. (अलमट्टी म्हणजे खाली कर्नाटकातलं कृष्णेवरचं धरण, त्याच्यामुळं आमच्याकडं पाणी फुगतं का ह्यावर आमच्या गल्लीत तीन पक्ष आहेत, त्यात मी पडत नाही.) प्रत्येक कामाला किती तास लागतात ते लिहिलं, कुणी करायचं ते लिहिलं, आणि त्याच्यापुढं फूट टाकला. तेव्हा पायरीचा फूट अंदाजानं ४८ टाकला होता.

३५ ला टाकी धुवून भरायची, कारण पाणी आलं की नळाचं बंद, बोअरचं घाण. मोबाईल, पॉवर बँक, बॅटऱ्या चार्ज. आत्यांच्या महिन्याच्या गोळ्या आणि इन्सुलिन आणून ठेवायचं, पूर आल्यावर मेडिकलची दुकानंच पाण्यात असतात. इन्सुलिनचं डॉक्टरांना विचारलं होतं, ते म्हणाले वापरात असलेली बाटली महिनाभर बाहेर चालते, फक्त उन्हात आणि गरम जागी नको. म्हणून एक लहान मडकं आणलंय, त्यात डबी ठेवायची आणि मडक्याला ओलं फडकं गुंडाळायचं. फ्रिजच्या भरवशावर आता कुणी बसत नाही.

३८ ला कागदं आणि फोटो. ह्याच्यावर आम्ही लई डोकं लावलं. प्रॉपर्टी कार्ड, आत्यांच्या हरिपूरच्या शेताचा सातबारा, आधार, रेशनकार्ड, पोराची मार्कलिस्ट, पासबुकं, सगळ्याचे फोटो काढून मोबाईलवर, पोराच्या ईमेलला आणि माझ्या भावाकडं. जे डिजिलॉकरला मिळतं ते तिथं. ओरिजिनल सगळी जाड प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी झाकणाच्या डब्यात, डबा लाल रंगाचा, म्हणजे कुणालाही "लाल डबा घे" म्हटलं की कळतं. बँकेच्या लॉकरमधे ठेवा असं सगळे सांगतात. आमच्या लॉकरची ब्रँच तळमजल्यावर होती, २०१९ ला तीच पाण्यात. तेव्हा सोनं मिळालं पण कागदाचा लगदा. आता लॉकर मिरजेत.

४० ला धान्य, कपडे, गाद्या वर. ४२ ला गाड्या विश्रामबागेत ह्यांच्या मित्राच्या दारात. शेजारच्यांनी २०१९ ला बुडलेली मोटारसायकल पाणी उतरल्यावर सुरू होते का बघायला किक मारली आणि इंजिन बसलं, मेकॅनिक म्हटला ढकलत आणली असती तर हजार-दोन हजारात झाली असती. बुडालेल्या गाडीला किल्ली लावायचीच नाही, हे पण कागदावर आहे, खाली, लाल पेनानं.

४३ आत्या. ह्याच्यावरनं घरात पंधरा दिवस बोलणं बंद होतं. मी म्हटलं आत्या ४० ला मिरजेला जातील, त्या म्हटल्या मी सगळ्यात शेवटी जाणार, माझं घर आहे. ह्यांनी मधे पडायचं नाकारलं. त्यांचं पण बरोबर होतं, म्हातारं माणूस दुसऱ्याच्या घरी आठ-आठ दिवस, संडास वेगळा, खाट वेगळी. त्यांचं माहेर हरिपूरचं, हळदीची पेवं होती त्यांच्यात. जमिनीत खोल खड्डा, त्यात हळद वर्षानुवर्षं राहायची, किडायची नाही. २००५ ला त्या पेवांत पाणी गेलं आणि तो सगळा कारभारच संपला. त्या म्हणायच्या, हळद हलवली नाही कुणी कारण तिथं कधी पाणी आलंच नव्हतं. हे त्यांनीच बोलून दाखवलं एक दिवस भाकरी थापताना, आणि मी गप्प बसले, काय बोलले नाही, दोन मिनिटांनी म्हटल्या, टाक त्रेचाळीस.

पुढं ४५ ला फ्रिज, वॉशिंग मशीन, गॅस. ४७ ला मेन स्विच बंद, संडासात आणि न्हाणीच्या जाळीवर वाळूची पोती, दाराला कुलूप, बाहेर.

दुसरी गोष्ट म्हणजे आम्ही घरच बदललं, हळूहळू, पैसे येतील तसं. तळमजल्यावर प्लायवूड बंद. ट्रॉल्या काढून कडप्प्याचे कप्पे केले, माझ्या बहिणीला ते जुनाट दिसतं, दिसू दे. दिवाणाच्या जागी लोखंडी घडीच्या खाटा. सोफा नाहीच, प्लास्टिकच्या खुर्च्या, त्या एकात एक घालून वर नेता येतात. मीटर आणि बोर्ड सात फुटाच्या वर घ्यायला वायरमनला सांगितलं तर तो म्हटला ताई बटण दाबायला स्टूल लागेल. मग आम्ही मेन आणि मीटर वर घेतला, बटणं खालीच ठेवली आणि खालच्या लाईनला वेगळा स्विच केला. इन्व्हर्टरची बॅटरी गच्चीच्या खोलीत.

आणि खराटा, फावडं, घमेलं, गमबूट, ब्लिचिंग पावडर हे सगळं वर. हसू नका, २०१९ ला आमचा खराटा वाहून गेलेला आणि पूर उतरल्यावर सांगलीत खराटा मिळत नव्हता. गाळाचं एक गणित आहे. पाणी उतरत असताना, घोट्याएवढं असताना घरात शिरायचं आणि त्याच पाण्यानं गाळ बाहेर ढकलायचा. एक दिवस जरी थांबलात आणि तो वाळला तर सिमेंट होतो, मग टँकरची वाट बघा. पण त्याच्या आधी मेन बंद आहे ना बघायचं, आणि काठीनं कोपरे वाजवायचे, साप असतात. आमच्या कृष्णेत मगरी पण आहेत, त्यामुळं पोरगा पहिल्यांदा काठी घेऊन आत गेला तेव्हा आत्या बाहेरनं ओरडत होत्या, मोरीत बघ, मोरीत बघ, जसं काय मगर आंघोळीलाच बसलीय.

२०२१ ला परीक्षा झाली. जुलैमधेच आली, २२-२३ तारखेला, आणि एवढ्या झपाट्यानं चढली की ३५ ते ४० ला आम्ही दोन दिवस धरलेले ते एका रात्रीत संपलं. कोरोना चालू, मास्क लावून सामान उचलायचं, घाम, धाप. रात्री अडीचला पोरगा मोबाईलवर आकडा वाचतोय आणि मी कागदावर टिक करतीय. व्हॉट्सॲपवर एकानं टाकलं कोयना फुटली, पळा. गल्लीतली दोन घरं खरंच उघडी टाकून पळाली. आम्ही कंट्रोल रूमला १०७७ ला फोन लावला, लागला पण, त्यांनी सांगितलं असं काही नाही. तेव्हापासनं नंबर पण कागदावर आहेत, १०७७, १०८, ११२, वायरमन, मिरजेचा भाऊ. रेंज गेली तर नंबर पाठ कुणाला आहेत?

आत्या ४३ ला गेल्या, एक शब्द न बोलता, मांडीवर देव्हाऱ्यातल्या मूर्तींचा डबा आणि मडकं घेऊन. आम्ही ४७ ला कुलूप लावलं आणि पोरगा आणि हे दोघं मात्र गल्लीच्या वरच्या टोकाला थांबून बघत बसले, दर तासाला. पाणी पायरीला लागलं तेव्हा आयर्विनला ४९. ह्यांनी तिथल्या तिथं पेनानं हातावर लिहिलं. अंदाज एक फुटानं चुकला होता, पण आपल्या बाजूनं. पुढं पाणी ५५ च्या आसपास गेलं, घरात साडेचार फूट. कागदं कोरडी, कपडे कोरडे, धान्य कोरडं, गाड्या कोरड्या. गेलं काय? परत फ्रिज. ह्या वेळी आम्ही त्याला दोन बाकांवर चढवून खिडकीच्या गजाला बांधला होता, पण बांधला नुसता वरनं, तो खालनं उचलला गेला आणि बाक निघून गेले आणि फ्रिज फाशी दिल्यासारखा गजाला लटकलेला. मला रडायला यायच्या ऐवजी हसायलाच आलं.

अजून एक फजिती सांगते. २०१९ नंतर आम्ही घराचा विमा उतरवला होता, एजंटनं गोड बोलून दिलेला. क्लेमला सर्व्हेअर आले, म्हणाले वस्तूंची बिलं दाखवा. बिलं होती. एका फाईलमधे होती. फाईल टीव्हीखालच्या ड्रॉवरमधे होती. कागदावर "टीव्ही" लिहिलं होतं, "ड्रॉवर" लिहिलं नव्हतं. थोडंफार मिळालं शेवटी, चार महिने फेऱ्या मारून. आता दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात पोरगा सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढतो, कपाटं उघडून, फ्रिजच्या मागचं मॉडेल नंबरचं स्टिकर सुद्धा, आणि बिलांचे फोटो त्याच फोल्डरला. आणि पाणी उतरल्यावर झाडायच्या आधी भिंतीवरच्या ओल्या खुणेचा फोटो काढायचा, मोजपट्टी लावून, मगच खराटा. तलाठी येईपर्यंत आपण घर चकाचक करून बसतो आणि मग पटवत बसावं लागतं की हो इथवर आलेलं.

त्या पूरानंतर आरोग्याच्या बायका आल्या, लेप्टोच्या, म्हणजे पुराच्या घाण पाण्यातनं होणाऱ्या तापाच्या, गोळ्या आणि मेडिक्लोर, म्हणजे प्यायच्या पाण्यात टाकायचं औषध, देऊन गेल्या. मेडिक्लोरच्या चार बाटल्या आता जूनमधेच घेऊन ठेवते, एक्स्पायरी बघून. २०१९ च्या दोन बाटल्या मी जपून ठेवल्या होत्या, त्या २१ ला निव्वळ पाणी झाल्या होत्या.

मग दोन-तीन वर्षं पाणी आलं नाही आणि तिथंच माझी खरी पंचाईत झाली. २०२४ ला चाळीसपर्यंत गेलं, आम्ही ४० चं सगळं केलं, गाद्या वर नेल्या, आणि उतरलं. परत गाद्या खाली. ऑगस्ट २०२५ ला परत. ह्या वेळी गणपती आठवड्यावर आलेले, मखराचं सामान आणलेलं, आणि आयर्विन ३८, ३९, ४१. गाद्या वर, धान्य वर, गाड्या विश्रामबागेत. ४२ झाले तसं ह्यांनी हळूच म्हटलं, कोयनेतनं कमी केलंय म्हणतात, जरा थांबूया का. पोरगा आता कॉलेजला, तो पण म्हटला मम्मी नाही येणार गं. शेजारच्या काकू दारात उभ्या राहून बघत होत्या आमचा संसार जिन्यानं वर चाललेला, त्यांनी विचारलं, काय गं, घर सोडताय का? मला पण कंटाळा आला होता, खरं सांगते. कंबर धरलेली. मी जिन्यात बसले आणि म्हटलं बरं, थांबूया तासभर.

आतनं आत्या आल्या. काठी, मडकं, मूर्तींचा डबा, पिशवीत दोन नऊवारी. त्रेचाळीस झाले म्हटल्या, रिक्षा बोलव.

आयर्विन त्या रात्री त्रेचाळीसच्या आसपास घुटमळलं आणि दुसऱ्या दिवशी उतरायला लागलं. आमच्या गल्लीत थेंब नाही. आत्या तीन दिवसांनी परत आल्या, आम्ही गाद्या खाली आणल्या, मखर बांधलं, आणि काकूंनी आरतीला आल्यावर मुद्दाम विचारलं, मग काय, मिरजेची हवा कशी होती. आत्यांनी त्यांना प्रसाद दिला आणि विचारलं, तुमची पायरी किती फुटाला? काकूंना माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा वही घेऊन आला. त्यांचं घर आमच्यापेक्षा अजून खाली आहे, आम्ही धरून धरून ४८ काढला, खरं काय ते पाणी आल्यावर कळेल.

फ्रिजचं अजून सुटलेलं नाही. हे म्हणतात छताला हूक मारून साखळीनं वर ओढायचा, पुली लावून. हूक मारलाय मागच्या दिवाळीत, साखळी आणायची राहिलीय. सध्या त्याला वाती वाळत घातल्यात.